झेंडा बदला, पण थांबून

बर्फावर जोडीनं नाचायचं, परीक्षकांनी गुण द्यायचे आणि त्यावर ऑलिम्पिकचं पदक ठरायचं, असाही एक खेळ जगात आहे. आइस डान्स. लातूरकरांनी उगाच हसू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं. बर्फाचा विषय आपण जपूनच काढलेला बरा.

या खेळात लॉरेन्स फुर्निए बोद्री नावाची एक खेळाडू आहे. मूळची कॅनडाची. जोडीदार डेन्मार्कचा, म्हणून आधी डेन्मार्ककडून उतरली. तिथलं नागरिकत्व मिळेना, २०१८ चं ऑलिम्पिक हुकलं. मग दोघं कॅनडाकडून खेळू लागले. आता नागरिकत्व जोडीदारानं घेतलं आणि २०२२ ला बीजिंग गाठलं. पुढे जोडीदारच बदलला. नवा फ्रान्सचा. झेंडाही फ्रान्सचा.

तीन देश, दोन जोडीदार.

नांदेडमध्ये हे ऐकून कुणाची भुवईसुद्धा हलायची नाही.

पण जरा नियम बघा. एका देशाकडून खेळलेल्याला दुसऱ्या देशाकडून ऑलिम्पिकमध्ये उतरायचं, तर ३ वर्षं थांबावं लागतं. घाई असेल तर जुन्या देशाच्या ऑलिम्पिक समितीची संमती आणा. म्हणजे ज्याला सोडून निघालात त्याचंच ना-हरकत प्रमाणपत्र! वर नव्या देशाचं नागरिकत्व हवं. आइस डान्समध्ये तर जोडीतल्या दोघांचंही.

आता आपल्याकडचा कार्यक्रम. अशोक चव्हाणांनी १२ फेब्रुवारी २०२४ ला काँग्रेस सोडली. १३ तारखेला भाजपमध्ये प्रवेश. १४ तारखेला राज्यसभेची उमेदवारी.

तिकडे तीन वर्षं लागतात. इकडे तीन तारखा पुरल्या.

ना-हरकत प्रमाणपत्र? ते मागायला थांबलं कोण? आणि घराण्याला हे नवं थोडंच आहे. वडील शंकरराव चव्हाणांनीही काँग्रेसबाहेर स्वतःची चूल मांडून पाहिली होती, १९७८ च्या पुलोद सरकारात मंत्रीही झाले होते. नंतर ते परत आले. चिरंजीवांचं परतीचं तिकीट अजून कुणी पाहिलेलं नाही.

लातूर त्या मानानं सोवळं. माजी केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकरांच्या सूनबाई अर्चनाताई मार्च २०२४ मध्ये भाजपमध्ये गेल्या, नोव्हेंबरमध्ये लातूर शहरातून उभ्या राहिल्या. मध्ये चांगला आठ महिन्यांचा सराव. अमित देशमुखांपुढे तो पुरला नाही, हा भाग वेगळा.

आणि नेत्यांनाच कशाला बोल लावायचा? २० नोव्हेंबर २०२४ ला नांदेडमध्ये विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी झाली. लोकसभा मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीला. खासदार मात्र काँग्रेसचा, १,४५७ मतांनी. तेच मतदार, तेच केंद्र, तीच शाई.

एका मतदानात दोन जर्सी. बोद्रीबाईंनी शिकवणी लावावी.

आता एक आपला माणूस घ्या. सौरभ नेत्रावळकर. मुंबईचा. २०१० ला भारताकडून १९ वर्षांखालचा विश्वचषक खेळला, तिथे उपांत्यपूर्व सामन्यात पाकिस्ताननं हरवलं. पुढे मुंबईकडून रणजीत जेमतेम संधी. २०१५ ला पठ्ठ्या शिकायला अमेरिकेत गेला. ६ जून २०२४ ला डॅलसमध्ये त्यानं सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं, अमेरिकेच्या जर्सीत. सहा दिवसांनी विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर काढलं, मग रोहितलाही. आपण काय म्हणालो? गद्दार?

छे! ‘आपला मराठी पोरगा!’

भारत तो सामना जिंकला म्हणून बरं. हरला असता, तर हाच पोरगा त्या रात्रीपुरता अमेरिकन झाला असता. तरी एक फरक आहेच. हा गडी सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून दुसऱ्या देशाकडून खेळला. आपल्याकडे नोकरीसाठीच पक्ष बदलतात.

खेळाडू का जातात, हा प्रश्न मराठवाड्यात तरी कुणी विचारू नये. काका पवार लातूर जिल्ह्यातल्या साई गावचे, अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यांची तालीम कुठे? पुण्यात, कात्रजला. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली. एका बाजूला लातूरचा शैलेश शेळके, दुसऱ्या बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघेही याच वस्तादाचे पठ्ठे. सदगीर जिंकला. लातूरची विद्या, पुण्याची माती, गदा नाशिकला.

उलट ‘नीट’ची पोरं? ती गावोगावहून लातुरात येतात, खोल्या घेतात, डब्यावर जगतात. होणारे डॉक्टर आयात, झालेले मल्ल निर्यात. या व्यापाराला ‘पॅटर्न’ म्हणतात.

यातल्या एकाही पोराला, एकाही मल्लाला कुणी निष्ठेचं भाषण ऐकवत नाही. ऐकवूही नये. जिथे मॅट आहे, वस्ताद आहे, खुराक आहे, तिथे माणूस जाणारच. पोट आणि पदक, दोन्ही रिकाम्या मैदानावर मिळत नाहीत. पण मतदारांच्या जिवावर मोठं झालेल्याला कसला खुराक कमी पडला होता? अशोकरावांनी दोन वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, ती काय उपाशीपोटी?

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी उमेदवार दारात हात जोडून उभा राहिला की रस्ता, नाली, पाणी नंतर विचारा. आधी एवढंच विचारा, जुन्या पक्षाकडून शेवटचं कधी खेळलात? तारीख सांगा. तीन वर्षं भरली नसतील तर चहा पाजा आणि पुढच्या दारात पाठवा.