दारातली उडी

डोंबिवलीत हल्ली सोसायटीत एखादा तरी दुबईला जाऊन विमानातून उडी मारून आलेला भेटतो. पाहुण्याला चहाच्या आधी व्हिडिओ. 13,000 फूट, मिनिटभराचं नुसतं पडणं, गालांच्या झालेल्या पताका, आणि पाठीला बांधलेला प्रशिक्षक, जो सगळं काम करतो. ‘भीती नाही वाटली?’ हे आपण विचारायचं, ‘छे!’ हे त्याने म्हणायचं.

हे चित्रण कोणी केलं, एवढंच कोणी विचारत नाही. तो बिचारा हेल्मेटवर कॅमेरा लावून समोरासमोर पडत असतो. मान हाच त्याचा स्टँड. जोडीचा वेग आवरायला मागे छोटी छत्री असते. त्या वेगाशी जुळवून घ्यायला याच्या बगलेत कापडी पंख. जोडीची मोठी छत्री उघडली की हा एकटाच खाली निसटतो, आधी उतरतो आणि त्यांचं उतरणंही टिपतो. 2018 साली पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. साडी सगळ्यांच्या लक्षात आहे, टिपणारा कोणाच्याच नाही.

आमच्याकडे दाराला लटकायला दुबईचं विमान लागत नाही. सकाळची फास्ट लोकल पुरते. प्रशिक्षक नाही, छत्री नाही, पाठीला फक्त डब्याची बॅग. तीही लोक पुढे घ्यायला लावतात.

9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडली. पाच जण गेले.