टॉर्कभाऊ

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत डिझेल स्विफ्ट चार आहेत, पण इंजिन एकाकडेच आहे. बाकीच्यांकडे नुसत्या गाड्या.

"१२४८ सीसी, ७५ पीएस, १९० न्यूटन-मीटर टॉर्क," टॉर्कभाऊ लिफ्टमध्येही सांगतात. "मूळ फियाटचं. मारुतीनं लावलं, टाटांनी लावलं. राष्ट्रीय इंजिन आहे हो!" एप्रिल २०२० मध्ये मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या, तेव्हा त्यांनी सुतक पाळलं नाही एवढंच.

या इंजिनाची ताकद वाढवायची, हे ठरलेलं आहे. चिप लावून, की इंजिनाचा मेंदू असलेला ईसीयू काढून प्रोग्रामेबल ईसीयू बसवून, हे २०१८ पासून ठरायचं आहे.

फरक त्यांनीच मला फास्ट लोकलमध्ये, एका पायावर उभं राहून समजावला. "चिप म्हणजे शिपाई. सेन्सर साहेबाला डिझेलचा दाब सांगायला निघतो. शिपाई त्याला वाटेत गाठून आत सांगतो, दाब कमीच आहे. साहेब, म्हणजे ईसीयू, भाबडा. तो दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, गाडी पळते. आणि प्रोग्रामेबल म्हणजे साहेबालाच घरी बसवायचं! इकडून आरपीएम, तिकडून लोड, मधल्या एकेका रकान्यात आकडे आपण भरायचे."

"आणि आकडा चुकला तर?"

"पिस्टन वितळतो," चहात साखर कमी आहे म्हणावं तसं ते म्हणाले.

आहे त्याच ईसीयूतले आकडे जाणकाराकडून बदलून घ्यायचे, असा मधला मार्गही असतो. त्याला रीमॅप म्हणतात आणि शहाणे लोक तोच धरतात. मी सुचवून पाहिलं. टॉर्कभाऊंचा चेहरा पडला. रीमॅपनं प्रश्न सुटतो, हीच त्यातली खोट असावी.

शिवाय मुहूर्त लागत नाही. आमच्याकडचा जुना पत्रीपूल २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला, तेव्हा "नवा होऊ दे, ट्रायल कुठे घेणार?" नवा २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला, तर तोवर कोपर पूल बंद. तो सप्टेंबरात उघडला, तर यांच्या वाचनात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आलं. बेकायदा फेरफार केला तर दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, कैदही. चिप हा एक फेरफार. प्रोग्रामेबलचं वायरिंग वेगळं मोजतात का, यावर त्यांनी एक आख्खा चातुर्मास काढला.

खरी गंमत अशी, की हे इंजिन २,००० आरपीएमच्या खाली पेंगतं. आणि काटई नाक्यावरच्या कोंडीतून शिळफाट्याकडे जाताना २,००० आरपीएम पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. टॉर्कभाऊ तर रोज लोकलनंच जातात. गाडी खाली कव्हरमध्ये असते. वहिनी त्यावर पापड वाळत घालतात.

गेल्या रविवारी मात्र घोडबंदरला जायचं ठरलं. गायमुखच्या चढावर "आधीचं रीडिंग" घ्यायचं होतं. पापड उचलले, कव्हर निघालं, किल्ली फिरली. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले, स्टार्टर कण्हला आणि गप्प झाला. वापराविना बॅटरी बसली होती.

वहिनी स्टिअरिंगवर बसल्या. वॉचमन, मी, दुसऱ्या मजल्यावरचे काका आणि टॉर्कभाऊ मागून ढकलू लागलो. गाडी गेटपर्यंत आली.

"अहो, जरा जोर लावा की!" वहिनी आतून ओरडल्या.

टॉर्कभाऊंना धाप लागली होती, तरी चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? सगळा खेळ खालच्या आरपीएमच्या टॉर्कचाच आहे."