सोंड दिसली का?

आमच्या आप्पांना डोंगर नुसता बघवत नाही. त्याला नाक, सोंड, शेपूट फुटल्याशिवाय साताऱ्याच्या या गृहस्थाला चैन पडत नाही. महाबळेश्वरला पाहुण्याला निडल होल पॉइंटवर उभं करायचं, छत्रीचं टोक त्याच्या खांद्यावरून पुढं काढायचं आणि सुरू: "टोकाच्या रेषेत बघा. ते भोक दिसतंय? अलीकडं कपाळ, पलीकडं उतरली ती सोंड. दिसली का?" मागं कणीस भाजल्याचा वास सुटलेला असतो. पाहुणा "हो हो, झकास" म्हणतो. आप्पा ओळखतात. "मग हत्तीचं तोंड कुणीकडं?" पाहुणा गप्प. पुन्हा भोकापासून सुरुवात.

गोऱ्यांनी ठेवलेल्या नावांचा त्यांना भारी राग. विल्सन पॉइंट म्हणायचं नाही, सिंदोळा म्हणायचं. केट्स पॉइंट म्हणजे नाकेखिंड. "पोरगी गव्हर्नर माल्कमची असेल, कडा आपला आहे!" टॅक्सीत बसताना "सिंदोळ्याला घ्या" असं ठणकावतात. टॅक्सीवाला "कुठं?" म्हणतो. मग आप्पा इकडंतिकडं बघून हळूच "विल्सन" म्हणतात.

नाव झालं की वर्णन आलंच. पाचगणीच्या टेबललँडवर पायाखाली जांभा, त्याखाली काळ्या पाषाणाचे थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, म्हणून आपला सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा. हे सगळं चालू घोड्यावर बसलेल्या नातवंडाला. कमळगडावर कावेच्या विहिरीत उतरले, तर ओल्या भिंतीला बोट लावून खिशावर पुसून आले. तो तांबडा डाग काकूंनी तीनदा साबण लावला तरी हटेना. आप्पा म्हणाले, "राहू दे, पुरावा आहे."

हाल होतात ते सासुरवाडीला, सांगलीत. कृष्णाकाठची सपाट काळी रानं, ऊस, हळद. नजर टेकवायला कडा म्हणून नाही. मेहुण्यानं दया येऊन एकदा दंडोबाच्या डोंगरावर नेलं, तेव्हा कुठं जेवण गेलं.

त्याच मुक्कामात टीव्हीवर अंटार्क्टिका लागलं. शिर्माकर टेकड्यांत १९८९ पासून आपलं मैत्री केंद्र आहे, शेजारच्या तळ्याला प्रियदर्शिनी नाव दिलंय, वगैरे. आप्पा पुढं सरकून बसले. मागं उघडे काळे खडक दिसत होते, आणि छत्री दारात राहिलेली.

"तिथं गाव नाही?"

"नाही."

"म्हणजे या खडकांचं जुनं नाव सांगणारा म्हातारा कुणीच नाही?"

"कुणीच नाही, आप्पा."

"अरे, मग भांडायचं कुणाशी?"

मेहुण्यानं भडंगाची ताटली त्यांच्याकडं सरकवली.