गीझरमधल्या भाडेकरूस अनावृत पत्र

रा. रा. क्षारराव यांस,
मु. पो. कॉइलवरचा मजला, गीझर, न्हाणीघर,
तुकोगंज, इंदूर.

स. न. वि. वि.

आपली पहिली भेट नरकचतुर्दशीच्या पहाटे झाली. उटणं लावून घरचे रांगेत उभे आणि गीझर गप्प. दुपारी मिस्त्री आला, त्याने कॉइल ओढून बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली. "मॅडम, ये देखो." तिच्या अंगावर पांढरटपिवळे, खरखरीत, आपण. घरच्या चकलीलाही त्या वर्षी इतके काटे सुटले नव्हते.

भाडेकरूंचा आम्हाला अनुभव आहे. सासऱ्यांच्या वाड्यातल्या एका कुळाने खोली सोडायला तारखांवर तारखा घेतल्या, पण निदान संक्रांतीला तिळगूळ तरी आणून दिला. आपण ना करारपत्र केलंत, ना भाडं दिलंत. वर पोटभाडेकरू ठेवलेत ते वेगळेच: शॉवरच्या छिद्रांत एक, इस्त्रीच्या वाफेच्या भोकांत दुसरा, वॉशिंग मशीनच्या हीटरवर तिसरा आणि आरओच्या पडद्यावर चौथा.

आपली वागणूकही विलक्षण. गार पाण्यात आपण निर्गुण निराकार. ग्लास उन्हात धरला तरी दर्शन नाही. पाणी तापलं, की सगुण साकार! विरघळलेल्या बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचा सख्खा भाऊ, कॉइलला मिठी मारून बसतो. मग उष्णता आपल्यातून पलीकडे जाईना. आत कॉइल भाजून निघते, बाहेर पाणी कोमटच, आणि विजेचं बिल मात्र कढत. एक दिवस कॉइल जळते. आपल्याला ओरखडाही नाही.

साबणाशी तर आपलं हाडवैर. फेस येऊच द्यायचा नाही, उलट साबणाची चिकट साय करून बादलीला लावायची. एकदा चुकून बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लावली. शिट्ट्या मोजून कंटाळलो, डाळ आपली टणकच. पिण्याच्या पाण्यात आपण लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक म्हणतं. आपण मानक वाचत नाही.

घरात खरा मान नर्मदेचा. १९७८ साली ती इंदुरात आली, मंडलेश्वराजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर, पंपांच्या खांद्यावर बसून विंध्याचा चढ चढत. आमच्याकडे ती एक दिवसाआड येते. त्या दिवशी भांडीकुंडी भरली जातात, चहा आणि वरण तिच्या पाण्याचं. पण तेवढ्या पाण्यात आंघोळी आणि धुणी भागत नाहीत. म्हणून उरलेल्या कामांना बोअर, आणि बोअरबरोबर आपण.

आपल्याला हुसकायचे उपायही झाले. लिंबूसत्वाच्या पाण्यात कॉइल बुडवली, तर आपण फसफसत निघून गेलात. बरं वाटलं. चार महिन्यांत पुन्हा हजर. मग पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचा विक्रेता आला. आतले रेझिनचे मणी कॅल्शियम धरून ठेवतात आणि त्याबदली सोडियम सोडतात, असं त्याने समजावलं. मणी भरले, की मिठाच्या पाण्याने धुवायचे. म्हणजे क्षार घालवायला मिठाची गोणी विकत घ्यायची! ते धुतलेलं पाणी जाणार कुठे, हे विचारल्यावर त्याने गटाराकडे बोट दाखवलं.

शेवटी वकील असलेल्या दिराकडे गेले. त्याने पहिलाच प्रश्न टाकला: "वहिनी, जागेचे कागद कोणाच्या नावावर?"

इथे घोटाळा झाला. आमचे कागद फार तर तुकोजीराव होळकरांपर्यंत पोचतात. मोहल्ल्याचं नावच त्यांचं. आपले निघाले साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. लाव्हा थिजून माळव्याचा काळा पाषाण झाला तेव्हापासून आपण तिथेच आहात. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली झिरपतं आणि त्या पाषाणातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू सोडवून घेतं. आपण कोणाच्या दारात गेला नव्हता. आम्हीच यंत्र लावून आपल्या घराला भोक पाडलं, नळी घातली, आपल्याला उपसून तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीत नेलं आणि वर गीझरमध्ये कोंडलं.

ओला आणि सुका कचरा वेगळा करून २०१७ पासून स्वच्छतेचे पहिले क्रमांक मिळवणारं आमचं शहर. माझ्या गच्चीवरचं पावसाचं पाणी मात्र चारही महिने थेट नाल्यात जातं. त्यात आपला अंशही जवळजवळ नसतो. इतकं मऊ पाणी वाहून घालवायचं आणि मग मऊ पाण्याचं यंत्र शोधायचं, यात आडमुठा भाडेकरू कोण?

तेव्हा दावा मागे घेत आहे. या मृगाच्या आत गच्चीचा पाइप गाळणीतून बोअरकडे वळवते. आपण जाणार नाहीत, ठाऊक आहे. जरा पातळ झालात तरी पुष्कळ.

कळावे,
आपली,
तुकोगंजातली एक घरमालकीण (वरच्या मजल्यापुरती)

ता. क. लिंबूसत्व दिवाळीच्या आधी येईलच. राग मानू नये.