दात्याची कुंडली: परदेशी फेलोशिपच्या इच्छुकांसाठी

परदेशी फेलोशिपच्या इच्छुकाने सर्वप्रथम आपला बायोडेटा मिटून ठेवावा. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्वातले उत्तेजनार्थ बक्षीस, दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे, पालकमंत्र्यांच्या हस्ते स्वीकारलेली शाल, हे सगळे नंतर लागेल. आधी कुंडली मांडायची ती दात्याची: पैसा आला कुठून, कोणत्या इच्छेने तो बाजूला ठेवला गेला, आणि आपल्याला विमानात बसवल्याने त्या इच्छेचे काय भले होणार. हुशार उमेदवार घसरतात ते बहुधा इथेच. ते आपण कोण हे तळमळीने सांगत बसतात. निवड समिती मात्र संस्थापकाला हवा असलेला माणूस शोधत असते.

इतिहासात याला पुरावा भरपूर आहे. सेसिल ऱ्होड्स 1902 मध्ये वारले, तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की आपल्या शिष्यवृत्तीला निव्वळ पुस्तकी किडे नकोत, मैदानी खेळांची आवड हवी. साम्राज्य सांभाळणारी माणसे घडवायची तर हे ओघानेच आले. (त्या शिष्यवृत्तीचे दार स्त्रियांना उघडायला 1977 उजाडले, मृतांच्या इच्छा फार चिवट असतात.) फुलब्राइटचा उगम 1946 चा. महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेली अमेरिकेची जादा लष्करी सामग्री विकायची आणि त्या पैशातून विद्यार्थी-प्राध्यापकांची देवाणघेवाण करायची, अशी ती युक्ती. भारताशी करार 1950 मध्ये झाला. तेव्हा परस्पर सामंजस्यावरचा परिच्छेद इच्छुकाने उरकून टाकू नये. त्यासाठीच तर लष्कराचे सामान विकले गेले. चेव्हनिंग शिष्यवृत्ती 1983 पासूनची. तिच्यामागे ब्रिटनचे परराष्ट्र खाते आहे. तिला भावी नेते हवे असतात, आणि तेही किमान 2,800 तास नोकरी केलेले. ज्याला नेतृत्वाची हौस नाही, फक्त भूजलाचा अभ्यास करायचा आहे, त्याने निदान भूजल क्षेत्राचे नेतृत्व करायचे ठरवावे.

शिफारसपत्रालाही हाच नियम लागू आहे. श्यामजी कृष्ण वर्मांनी 1905 मध्ये जाहीर केलेल्या शिष्यवृत्त्यांना अट होती: लाभार्थीने इंग्रज सरकारची नोकरी धरायची नाही. सावरकरांनी शिवाजी शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला तेव्हा टिळकांनी श्यामजींना पत्र लिहिले. एवढ्या गर्दीत कोणा एकाची शिफारस करण्यात अर्थ नाही असे आधी म्हटले, आणि मग या तरुणाच्या स्वदेशीच्या उत्साहाची नोंद करून शिफारस केलीच. आपला विद्यार्थी मेहनती, मनमिळाऊ व वक्तशीर आहे असे लिहून देणाऱ्या विभागप्रमुखांनी हे पत्र अभ्यासावे. वक्तशीर माणूस श्यामजींना नको होता.

यावर आक्षेप ठरलेला आहे: ही लाचारी झाली, दात्याला हवे ते बोलायचे तर स्वत्व कुठे राहिले? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे सर्वांत भक्कम उदाहरण आनंदीबाई जोशींचे. पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. रेव्हरंड वाइल्डर यांचा कल स्पष्ट होता: आधी ख्रिस्ती व्हा. जोशी दांपत्याने नकार दिला. आमच्या पद्धतीप्रमाणे अर्ज इथेच बाद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’मध्ये छापला, न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहताना तो वाचला आणि कोल्हापूरच्या त्या अनोळखी मुलीला मदत करायचे ठरवले. 1883 मध्ये आनंदीबाई निघाल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. यावरून स्वत्व राखूनही मदत मिळते हे सिद्ध होते. मात्र त्यासाठी नकार देणाऱ्याने आपला अर्ज छापावा लागतो आणि योग्य बाईंची दाढ योग्य दिवशी दुखावी लागते. आजची पोर्टले नकार देताना फक्त अर्जांची संख्या विक्रमी होती असे कळवतात. म्हणून मार्गदर्शकाने हा मार्ग सर्वसाधारण उमेदवाराला सुचवणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सगळेच दाते काही स्वतःचे बघत नाहीत. सयाजीराव गायकवाडांनी 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले त्यात कसला स्वार्थ? स्वार्थ नव्हता, पण अट होती: शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. परतण्याची अट हा या व्यवहाराचा कणाच आहे. चेव्हनिंगवाल्याला मायदेशी दोन वर्षे काढावी लागतात, फुलब्राइटवाल्याच्या व्हिसालाही असेच बंधन असते. त्यामुळे उमेदवाराला एकाच अर्जात दोन गोष्टी पटवाव्या लागतात: हा विषय भारतात राहून शिकताच येणार नाही, आणि शिकून झाल्यावर भारताबाहेर राहवणारच नाही. दोन्ही खरे असू शकते, हे मान्य. पण ते खरे ठरायला परतल्यावर काही तरी असावे लागते. आंबेडकर 1917 मध्ये अट पाळायला बडोद्यात आले. नोकरी होती, महाराजांचा पाठिंबा होता. राहायला खोली देणारा कोणी नव्हता. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले, आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. कराराची दुसरी बाजू मोडली, तरी तिच्यावर दंडाचे कलम नव्हते.

आजही अर्जात परतल्यानंतरच्या योजनेसाठी ऐसपैस जागा असते, आणि परतल्यावर कोण सामावून घेणार हे विचारणारा रकाना कुठेच नसतो. दात्याला ते त्याच्या कक्षेबाहेरचे वाटते. मुलाखतीत योजनेबद्दल प्रश्न आला, तर इच्छुकाने समाजपरिवर्तन वगैरे थोडक्यात आटपून, परतल्यावर आपल्याला घेणाऱ्या संस्थेचे लेखी पत्र आणि शक्य झाल्यास घरमालकाचे नाव पुढे करावे.