घाटनांदूरच्या बोक्याचे वजन : एक मार्गदर्शिका

मांजर जाड आहे की नाही हे ठरवण्याआधी ते कोणाच्या घरी राहते ते पाहावे. घाटनांदुरात, आणि तसे म्हटले तर अंबाजोगाई तालुक्यातल्या कुठल्याही गावात, हा निर्णय घरातले अण्णा देतात. अण्णा म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. नोकरीतून निवृत्त झालेले, डॉक्टरांनी गोड बंद केलेले, आणि आपल्या वाट्याची साय बोक्याला घालून त्याच्याकडे पाहत बसणारे असे अण्णा गल्लीला एक तरी असतातच. त्यांची तपासणी दारातूनच उरकते. "बघा की, कसा वाघावानी दिसायलाय!" बोका तीन पायऱ्या चढताना मध्येच बसतो, हा त्यांच्या लेखी रुबाब.

नियम पहिला : डोळ्यांवर विसंबू नये, हात लावावा. डॉरथी लाफ्लाम या अमेरिकी पशुपोषणतज्ज्ञ बाईंनी 1997 साली मांजरांसाठी 1 ते 9 गुणांची पट्टी मांडली आणि आज जगभरचे पशुवैद्य ती वापरतात. इथे 5 गुण म्हणजे पहिला नंबर. 1 म्हणजे नुसता सापळा, 9 म्हणजे अण्णांचा लाडका. पाचाच्या पुढचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण दहा टक्के जादा वजन. बोक्याला 7 गुण मिळाले, की सत्तर किलोच्या माणसाने चौदा किलो ज्वारी पाठीवर घेऊन दिवसभर हिंडावे तशी त्याची गत होते. अण्णांना हे सांगितले तर ते फक्त सात हा आकडा ऐकतात आणि पाचापेक्षा बरा म्हणतात.

हात कसा लावायचा, हेही शास्त्र आहे. आधी आपल्याच हाताची मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवावे. बरगड्या अशा लागल्या तर मांजर वाळलेले आहे. मग पंजा सरळ करून त्याच्या पाठीवरून बोट फिरवावे. पातळ थराखाली हाडे सहज कळतात, ते उत्तम. पंजा उलटून तळव्याची गादी दाबावी. बरगड्या अशा लपल्या असतील तर चरबी झाली. मग बोक्याला उभे करून वरून पाहावे. बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसायला हवी. कंबर कुठे आहे असे विचारावे लागले, तर उत्तर मिळालेच.

पोटाखाली लोंबणारी पिशवी पाहून मात्र घाबरू नये. चालताना इकडून तिकडे झुलणारी ती सैल कातडी सडपातळ मांजरालाही असते. चिमटीत धरली की पातळ लागते. चरबी असेल तर भरीव आणि गोल लागते.

पिलाचे पोट ढोलासारखे आणि पाठीचा कणा वर आलेला, हे बाळसे नव्हे, बहुधा जंत.

मांजरी असेल तर आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. नऊ आठवड्यांत घरातली मांजरे एकाची पाच होतात आणि वजनाचा प्रश्न आपोआप सुटतो.

प्रत्यक्ष वजनासाठी किराणा दुकानाच्या काट्यावर मांजर ठेवण्याचा प्रयोग करू नये. काटा, मांजर आणि दुकानदार तिघेही हलतात. माणसाने आधी एकट्याने वजन करावे, मग मांजर कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करावी. आपल्याकडचे साधे घरगुती मांजर बहुतेक साडेतीन ते पाच किलोंत बसते. या प्रयोगात अण्णांचेही वजन घरच्यांना कळते, म्हणून ते काट्यावर उभे राहायला तयार नसतात. हे काम सुनेने करावे.

आता दुधाविषयी. इथे मार्गदर्शिकेचा सूर जरा चढेल, त्याला इलाज नाही. चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात. म्हशीच्या शंभर मिली दुधात साधारण शंभर कॅलरी असतात. म्हणजे एक पेला दूध पाजले की दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. त्यावर कुस्करलेली भाकर, बिस्किट आणि "एवढंसंच" तूप हे सगळे जादा. शिवाय मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही आणि निस्तरावे सुनेला लागते. मांजराला हवे मांस, अंडे, मासळी. त्याला लागणारे टॉरिन नावाचे पोषकद्रव्य भाकरीत नसते आणि ते कमी पडले तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. नसबंदी झालेल्या बोक्याची भूक वाढते, गरज मात्र घटते. अण्णांना नेमकी भूक तेवढी दिसते.

आकडा वाढवण्याची हौस असणाऱ्यांसाठी : ऑस्ट्रेलियात केर्न्स गावी हिमी नावाचा बोका 21.3 किलोंचा झाला होता. तो दहा वर्षांचा होऊन 1986 साली गेला. गिनेस बुकाने पुढे सर्वांत वजनदार पाळीव प्राण्याचा विक्रम घेणेच बंद केले, कारण लोक जनावरांना कोंबून खाऊ घालू लागतील.

जाड आहे म्हणून उपाशी मात्र ठेवू नये. हा नियम विनोदाचा नाही. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही, तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकते. आठवड्याला एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरवू नये. उलट म्हातारे मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल, तर थायरॉइड किंवा मधुमेह असू शकतो. तिथे अण्णांचे "त्याला अजून घाला की" चालत नाही.

गावच्या दवाखान्यात म्हशी आणि शेळ्यांची रांग असते. बोक्याच्या कंबरेसाठी तिथे उभे राहायला अण्णा लाजतात. पण घाटनांदूरचे भाग्य असे की गावातून जाणाऱ्या रुळांच्या एका अंगाला परभणी आहे, दुसऱ्या अंगाला उदगीर, आणि दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालय. झाकणाची टोपली घ्यावी, आत जुने लुगडे घालावे आणि निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नये. हे शेवटचे वाक्य सुनेने मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा अण्णा दुधाचे भांडे मागे लपवून म्हणाले, "गाडी लेट झाली तर?"