युनिटआप्पा

मुकुंदवाडीत आमच्या एकट्या गल्लीत आप्पा तिघं. एक दूधवाले, दुसरे भजनी मंडळातले आणि तिसरे युनिटआप्पा. तिसऱ्यांचं बारसं गल्लीने 2023 च्या मे महिन्यात केलं. त्यांनी इलेक्ट्रिक मोटरसायकल आणली, हार घातला, हिरव्या नंबरपाटीला कुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवला. गाडी पुढे गेली तेव्हा आवाज झाला तो फक्त लिंबाचा.

पुढे 1 जूनला केंद्र सरकारने अनुदान घटवलं आणि या गाड्या महागल्या. तेव्हापासून ‘मी मेमध्येच उचलली ना भाऊ!’ हे वाक्य आम्ही ऐकत आलो आहोत. लग्नात ऐकलं, दहाव्याला घाटावरही ऐकलं.

पूर्वी आप्पांना कुणी ‘काय ॲव्हरेज देते?’ विचारलं, तर ‘देते साठ’ म्हणून ते मोकळे व्हायचे. आता तेवढ्यावर भागत नाही. फुल्ल चार्जिंगला साडेतीन ते चार युनिट, मुकुंदवाडी ते वाळूज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे महिन्याचे वाचले किती? हे गणित ते तुमच्याकडून सोडवून घेतात. उत्तर चुकलं तर पहिल्यापासून. फक्त ‘बॅटरी गेली तर नवी केवढ्याला पडते?’ असं कुणी विचारलं की आप्पांना टपरीवाल्याशी काहीतरी महत्त्वाचं बोलायचं असतं.

तब्येतीची चौकशी करायचीही सोय राहिली नाही. सकाळी टपरीवर ‘काय आप्पा, कसं काय?’ म्हटलं तर उत्तर येतं, ‘बासष्ट टक्के.’ मागे बसवून सेव्हन हिलच्या पुलावरून उतरताना मान मागे वळवून सांगतात, ‘आता कमवायलो बरं का!’ उतारावर मोटर उलटं काम करून थोडी वीज बॅटरीत परत भरते, हे खरं आहे. पण त्या थोड्याशा विजेसाठी आप्पा उतार लांबवतात. मागचा ट्रक हॉर्न वाजवून बेजार होतो.

आप्पांच्या घरी काकूंचा हिशेब वेगळा आहे. महावितरणचा दर शंभर युनिटांच्या वर गेलं की चढतो. ‘ही बया घरात यायच्या आधी आपण शंभराच्या आत होतो,’ असं म्हणून त्या बिल टीव्हीला टेकवून ठेवतात. बातम्या बघता बघता आप्पांना ते दिसत राहावं म्हणून.

खरी जुंपते ती पाण्याच्या दिवशी. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आलं की पोरं ओरडतात, घरोघर मोटरी चालू होतात आणि व्होल्टेज असं पडतं की पंख्याची पाती मोजून घ्यावीत. आप्पांच्या घरात पंधरा अँपियरचा पॉईंट एकच. त्यावर पाण्याची मोटर लावायची की गाडीचा चार्जर? एकदा दोन्ही लावून पाहिलं तर वायरमनला बोलवावं लागलं. काकूंनी निकाल दिला : ‘गाडी ढकलत नेता येते, पाणी ढकलत आणता येत नाही.’ यावर अपील नाही. 2019 च्या दुष्काळात याच मुकुंदवाडी स्टेशनावरून पोरं रेल्वेत चढून शहरातल्या मोठ्या स्टेशनावर जायची आणि कॅन भरून परत यायची. ज्या वस्तीने हे पाहिलंय, तिथे पाण्यापुढे चार्जर मागेच राहणार. आप्पा चार्जरची पिन हातात धरून टाकी भरायची वाट बघत उभे असतात.

आता गंमत ऐका. हे आप्पा कामाला कुठे? वाळूजला, एका कारखान्यात. करतात काय? मोटरसायकलचे गिअर. तीस वर्षं मशीनवर उभं राहून त्यांनी किती गिअर काढले याची मोजदाद नसेल, आणि चालवतात ती गाडी, जिला गिअर नाही, क्लच नाही, इंजीनच नाही. बजाजचा कारखाना वाळूजला आल्यापासून या शहरातल्या कितीतरी चुली पेट्रोलच्या इंजिनावर पेटल्या. कॅन्टीनमध्ये पोरं छेडतात, ‘आप्पा, सगळ्यांनी तुमच्यासारखी गाडी घेतली तर आपण काय करायचं?’ आप्पा आधी हसण्यावारी न्यायचे. 2024 च्या जूनमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या एथर कंपनीने आपल्याकडच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत कारखाना काढायचं जाहीर केलं, तेव्हापासून उत्तर तयार आहे : ‘तिकडं जाऊ. नट तर तिथं पण आवळावाच लागतो ना?’ पण शिफ्ट सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीवर बसले की डावा हात आपोआप क्लच दाबायला जातो आणि डावा पाय हवेत गिअर टाकतो. मी पाहिलंय. पाहिलं नाही असं दाखवलंय.

आप्पांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस म्हणजे 2 जानेवारी 2024. हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ट्रक आणि टँकरचालकांनी संप केला, पेट्रोल संपणार अशी आवई उठली आणि पंपांवरच्या रांगा जालना रोडवर आल्या. एरवी पंपासमोरून जाताना आप्पा नुसता वेग कमी करतात. त्या दिवशी चक्क थांबले. ओळखीचा चेहरा शोधून विचारलं, ‘किती वेळ झाला उभे राहून?’ या माणसाला कुणी रांगेतून चप्पल कशी फेकून मारली नाही, हे मला कोडं आहे.

पण त्याच दिवशी गल्लीतल्या म्हातारीला डोळे तपासायला त्यांनीच नेलं. समोरच्यांच्या पोरीला क्लासला सोडलं, आणलं. माझ्या मेहुण्याला चिकलठाण्याला विमानतळावर पोचवलं. कुणी हाक मारली की निघाले. एरवी वीस टक्क्यांच्या खाली आकडा आला की यांना घाम फुटतो. त्या दिवशी आकड्याचं नाव काढलं नाही. रात्री मुकुंदवाडी चौकातून गाडी ढकलत आणताना दिसले. ‘संपली का आप्पा?’ तर म्हणाले, ‘छे! जेवणाआधी जरा व्यायाम.’

एक अडचण मात्र त्यांना अजून सुटलेली नाही. जुनी गाडी कोपऱ्यावर वळली की तिच्या फटफटीवरून काकू चहाचं आधण ठेवायच्या. चप्पल काढेपर्यंत कप हातात. नवी गाडी येते ती चोरपावलांनी. आप्पा दारात उभे, काकू भिंतीपलीकडच्या बाईशी बोलतायत. चहाला उशीर झाला म्हणून आप्पांनी कोपऱ्यापासूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आता गल्लीतल्या चार बायका आधण ठेवतात आणि आप्पांचा चहा कुठल्या घरी होईल याचा नेम नाही.

मागच्या महिन्यात पुण्याला एका लग्नाला आम्ही बरोबर निघालो. आप्पांनी हट्टाने एसटीच्या इलेक्ट्रिक बसचं, ई-शिवाईचं तिकीट काढलं. बस सुटायच्या आधीच ते ड्रायव्हरच्या केबिनपाशी हजर. ‘किती टक्के?’ ड्रायव्हरने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘बसा काका, पुणं येईस्तोवर पुरंल.’ मला मागची सीट मिळाली होती, देवाची कृपा. आप्पांशेजारी एक सफारीतले गृहस्थ होते. वाळूज ओलांडेपर्यंत त्यांना साडेतीन युनिटांचा हिशेब कळला होता, गंगापूर फाट्याला आप्पा पाण्याच्या मोटरीपर्यंत आले होते. नेवासा फाट्याला ते गृहस्थ बॅग घेऊन उतरले. कंडक्टर दारातून ओरडत होता, ‘अहो साहेब, तुमचं तिकीट पुण्याचं आहे!’